मनगटावरचे मोठे नाव

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



एक काळ असा होता की, घराघरांतली घड्याळे आकाशवाणी लावून देत असे. बातम्यांच्या आधी वेळेचे ते बारीक ठोके पडले की घरातला कर्ता माणूस मनगटावरचे घड्याळ कानाशी नेई, मिनिटाचा काटा सारखा करी आणि अंगठ्याने चावी भरी. बाजारात भाजी विकणारापासून कचेरीतल्या मोठ्या साहेबापर्यंत सगळ्यांचे घड्याळ एकाच आवाजाने जुळायचे. घड्याळ कोणत्या कंपनीचे आहे, हा प्रश्न त्यानंतरचा. आधी ते बरोबर चालते का, हे पाहिले जाई.

आज घड्याळ स्वतःच वेळ जुळवून घेते. मोबाइलशी त्याचे नाते जोडलेले असते. ते पावले मोजते, नाडी मोजते, फोन आला की मनगटावर थरथरते. त्याला स्मार्टवॉच म्हणतात आणि हा शब्द आता आपल्या खेड्यांतही कुणाला समजावून सांगावा लागत नाही. आमच्या वाशीमच्या बाजारात हजार-दीड हजारापासून ही घड्याळे मिळतात. आज मला बोलायचे आहे ते यातल्या एका वेगळ्या जातीबद्दल. जगातल्या मोठमोठ्या फॅशन कंपन्या आपले नाव या घड्याळांना देतात, आणि त्या नावासाठी लोक पाचपट, दहापट पैसे मोजतात. या पैशातले टिकते किती, हा माझा आजचा प्रश्न आहे. तुम्ही म्हणाल, वाशीम जिल्ह्यातल्या माणसाला पॅरिसच्या घड्याळांची पंचाईत कशाला? ते कारण पुढे ओघात येईलच.

आधी ही भागीदारी काय आहे ते पाहू. पॅरिसमध्ये एर्मेस नावाचे घराणे आहे. १८३७ साली ते सुरू झाले तेव्हा तिथे घोड्यांचा साज तयार होत असे. लगाम, पट्टे, पुढे खोगीर. लुई व्हिटाँ हे दुसरे घराणे १८५४ सालचे. त्यांचा मूळ धंदा प्रवासाच्या पेट्यांचा. म्हणजे ही सगळी मंडळी मुळात हाताने काम करणारे कारागीरच. चामडे कसे कमवावे, टाका कसा घालावा, हे त्यांना ठाऊक होते. शे-दीडशे वर्षे चांगले काम केले म्हणून त्यांच्या नावाला किंमत आली. ती किंमत काळाने दिलेली आहे.

दुसऱ्या बाजूला संगणकाच्या कंपन्या. त्यांच्याकडे बुद्धी होती, पैसा होता. पण त्यांची वस्तू माणसाच्या अंगावर जायची होती. खिशातला फोन काळा चौकोनी असला तरी चालतो, पण मनगटावर जे घालायचे ते चारचौघांत दिसते. तो दागिना होतो. म्हणून २०१५ साली अॅपलने आपले घड्याळ बाजारात आणले तेव्हा त्याच वर्षी एर्मेसशी हात मिळवला. घड्याळ अॅपलचे, चामड्याचा पट्टा आणि काचेवर दिसणारी तबकडी एर्मेसच्या वळणाची. त्याच वर्षी टॅग हॉयर या स्विस घड्याळ कंपनीने इंटेल आणि गुगल यांच्याबरोबर आपले स्मार्टवॉच काढले. २०१७ मध्ये लुई व्हिटाँ आणि माँ ब्लाँ यांनी काढले. २०१८ मध्ये हुब्लोने फुटबॉलच्या विश्वचषकानिमित्त काढले. आपल्याकडे टायटनने २०१६ साली एचपी या संगणक कंपनीच्या साथीने ‘जक्स्ट’ नावाचे घड्याळ आणले होते. काही वर्षे असे वाटत होते की, जगातले प्रत्येक मोठे नाव आता विजेवर चार्ज होणार!

पण ही गोष्ट नवी नाही. १९७२ साली अमेरिकेत ‘पल्सर’ नावाचे घड्याळ निघाले. काटे नसलेले, लाल आकडे दाखवणारे ते पहिले इलेक्ट्रॉनिक मनगटी घड्याळ. ते अठरा कॅरेट सोन्यात मढवले होते आणि किंमत होती २,१०० डॉलर. तेवढ्या पैशात तेव्हा अमेरिकेत एक लहान मोटार येत असे. वेळ पाहायची तर बटण दाबावे लागे, कारण आकडे सतत पेटते ठेवले तर सेल लगेच संपे. श्रीमंतांनी ते हौसेने घेतले. आणि मग? १९७६ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीने तसेच लाल आकडे दाखवणारे घड्याळ प्लॅस्टिकमध्ये, २० डॉलरला आणले. चार वर्षांत शंभरपटीहून जास्त फरक! सोने होते तिथेच होते. आत जे यंत्र होते त्याची मात्र अपूर्वाई संपली होती.

पुढे २०१५ साली अॅपलनेही आपल्या पहिल्या घड्याळाची एक आवृत्ती अठरा कॅरेट सोन्यात काढली. तिची किंमत १०,००० डॉलरपासून पुढे १७,००० डॉलरपर्यंत. त्या वेळच्या हिशेबाने कमीत कमी सहा लाख रुपये. आतले यंत्र मात्र तेच, जे साडेतीनशे डॉलरच्या साध्या घड्याळात होते. तीन वर्षांनी, २०१८ मध्ये, कंपनीने नवी प्रणाली आणली आणि पहिल्या पिढीच्या घड्याळांवर ती चालणार नाही, असे जाहीर झाले. साधे घड्याळ बाद झाले, त्याबरोबर सोन्याचेही बाद झाले. २०२३ मध्ये तर कंपनीने त्या घड्याळाची नोंद कालबाह्य वस्तूंच्या यादीत केली. म्हणजे कंपनीच्या दुकानात त्याची दुरुस्तीही बंद. ज्यांच्याकडे ते आहे त्यांच्याकडे आता सोने उरले आहे. ते सोने सराफाकडे नेले तर वजनाचे पैसे येतील, यंत्राचे काहीच येणार नाहीत.

असे का होते, हे समजून घ्यायला मोठे शास्त्र लागत नाही. आपल्या जुन्या चावीच्या घड्याळात एक स्प्रिंग असते, दात्यांची चाके असतात आणि टिकटिक करणारे बॅलन्सचे चाक असते. धूळ गेली, तेल सुकले की ते मागे पडते. घडीसाज ते उघडतो, पेट्रोलमध्ये धुतो, तेलाचा थेंब सोडतो, पुन्हा बसवतो. एखादे चाक झिजले तर दुसऱ्या मोडक्या घड्याळातले काढून लावतो. त्या घड्याळाला वेळ सांगण्यासाठी जगातल्या दुसऱ्या कुणाचीही परवानगी लागत नाही.

स्मार्टवॉचचे तसे नाही. त्याच्यात एक छोटी लिथियमची बॅटरी असते. ती रोज किंवा एक दिवसाआड चार्ज करावी लागते. रोज केली तर वर्षाला ३६५ वेळा. प्रत्येक वेळी तिची ताकद कणाकणाने कमी होते. तीन-चार वर्षांत दिवसभर चालणारे घड्याळ दुपारीच मान टाकते. पाणी आत जाऊ नये म्हणून ते डिंकासारख्या पदार्थाने चिकटवलेले असते, त्यामुळे उघडणे कठीण. बॅटरी बदललीच तरी आतली चिप जुनी झालेली असते. चिप चालली तरी तिला आज्ञा देणारी प्रणाली कंपनीने थांबवलेली असते. आणि प्रणाली चालली तरी तुमचा नवा मोबाइल त्या जुन्या घड्याळाला ओळख देत नाही. चार कड्यांची साखळी आहे ही, आणि यातली एकही कडी फॅशन घराण्याच्या हातात नाही. ज्याचे नाव काचेच्या वर आहे, त्याचा काचेच्या आतल्या आयुष्यावर फारसा अधिकार नाही.

हे त्या घराण्यांनाही कळत होते. टॅग हॉयरने २०१५ साली आपले पहिले स्मार्टवॉच १,५०० डॉलरला विकताना गिऱ्हाइकाला एक वचन दिले होते. दोन वर्षे वापरा, मग आणखी १,५०० डॉलर भरा आणि हे घड्याळ परत देऊन आमचे चाकांचे, यंत्राचे घड्याळ घेऊन जा. या वचनाचा अर्थ जरा नीट पाहा. विकणाराच सांगत होता की, हे फार दिवसांचे नाही, कायमचे हवे असेल तर ते दुसरे आहे. मला तरी हा व्यापारातला प्रामाणिकपणा वाटतो. पण किती गिऱ्हाइके एवढा विचार करतात?

फॉसिल नावाची एक अमेरिकन कंपनी आहे. मायकेल कोर्स, एम्पोरिओ अरमानी, डिझेल अशा फॅशनच्या नावांची स्मार्टवॉच तीच बनवून देत असे. नाव वेगवेगळे, कारखाना एकच. जानेवारी २०२४ मध्ये फॉसिलने जाहीर केले की, आम्ही आता स्मार्टवॉचच्या धंद्यातून बाहेर पडत आहोत. एका कंपनीने अंग काढून घेतले आणि त्यामागोमाग कितीतरी नावांची घड्याळे एकदमच पोरकी झाली.

आता आपल्या देशातली एक वेगळी भागीदारी आठवा. १९६१ साली बंगळूरला एचएमटीने मनगटी घड्याळे करायला सुरुवात केली, तीही जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने. म्हणजे तिथेही दोन नावे एकत्र आली होती. पण त्या भागीदारीत जपानने आपल्याला नाव दिले नाही, काम शिकवले. कारागीर तयार झाले, सुटे भाग इथे होऊ लागले. ‘जनता’ नावाचे घड्याळ निघाले. चावीचे, साधे, पांढऱ्या तबकडीचे. काही घड्याळांवर तर आकडेही देवनागरीत असत. आपल्या भागात शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी, एसटीचे कंडक्टर यांच्या मनगटावर तेच दिसायचे. ‘देश की धडकन’ असे एचएमटीचे घोषवाक्य होते आणि ते खोटे नव्हते. २०१६ साली सरकारने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. पण कंपनी गेली म्हणून घड्याळे थांबली नाहीत. आजही आमच्या गावात घडीसाजाच्या टपरीवर चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची ‘जनता’ दुरुस्तीला येते आणि चालू होऊन जाते.

या टपऱ्या मला फार आवडतात. हातभर रुंदीचे काउंटर, काचेखाली पट्टे आणि सेल, वर लटकलेली भिंतीवरची घड्याळे. प्रत्येकात वेगळी वेळ. डोळ्याला भिंग लावून बसलेला म्हातारा माणूस. अशाच एका घडीसाजाला मी विचारले होते की, चाचा, स्मार्टवॉच दुरुस्त करता का? ते म्हणाले, “बेटा, पट्टा बदलून देतो. बाकी याला खोलायला जागाच ठेवली नाही त्यांनी. ज्या घडीत माझा चिमटा जात नाही, त्या घडीला मी घडी कशी म्हणू?” त्यांच्या बोलण्यात तक्रार होती, पण त्याहून जास्त आश्चर्य होते. माणसाने केलेली वस्तू दुसऱ्या माणसाला उघडता येऊ नये, ही कल्पनाच त्यांना पटत नव्हती. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानेही जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर एक समिती नेमली होती. म्हणजे चाचांच्या टपरीवरचा प्रश्न दिल्लीपर्यंत पोहोचलेला आहे.

आता मी त्या कारणाकडे येतो, ज्यामुळे पॅरिसची घड्याळे माझ्या दारात आली.

माझ्या ओळखीचे एक शेतकरी आहेत. पाच एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि त्यात तुरीचे पाटे. त्यांच्या मुलीचा निकाह ठरला. मुलाकडच्या मंडळींनी तोंडाने काही मागितले नाही. भली माणसे. फक्त वरमाई सहज म्हणाल्या की, मुलाच्या मित्राला त्याच्या सासरहून मोठ्या नावाचे स्मार्टवॉच मिळाले, आमच्या मुलाला ते फार आवडले. एवढेच. पण मुलीच्या बापाला एवढे पुरते. तो शहरात जाऊन किंमत विचारून आला. एका परदेशी फॅशन कंपनीचे नाव असलेले घड्याळ, चाळीस हजारांच्या आसपास.

संध्याकाळी ते माझ्याकडे आले. आम्ही दोघे उर्दूपेक्षा वऱ्हाडीतच जास्त मोकळे होतो. म्हणाले, “भाईजान, तुमी शिकेल माणूस. पेपरात लिहिता. मले एवढं सांगा, थे घडी काहून एवढी महाग हाय? सोन्याची बी नाही.”

मी कागद घेतला आणि आम्ही हिशेब केला. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. त्या भावाने चाळीस हजार म्हणजे साडेसात क्विंटल सोयाबीन. पाऊस वेळेवर आला, खोडमाशी आणि येलो मोझॅक यांनी दया केली, तर एका एकराचे पीक. आणि हमीभाव कागदावरचा. बाजार समितीत ओलावा दाखवून किती कापतील ते वेगळेच. बियाणे, खत, फवारणी, सोंगणी, मळणी हा खर्च त्यातच. घड्याळ चार वर्षे चालले असे धरले तर दिवसाला सत्तावीस रुपये पडतात. चार वर्षांनी हातात काय राहील? एक काळी काच आणि तिच्यावर एक नाव.

ते बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “म्हंजे एक एकर पोराच्या हातावर बांधाचं, अन् चार सालानं फेकाचं.”

मी कवी आहे. शब्दांवर प्रेम करणारा माणूस. पण त्या दिवशी त्यांच्या या वाक्यासमोर माझ्याकडे बोलायला काही नव्हते.

एक योगायोग मला नेहमी अस्वस्थ करतो. एचएमटीने घड्याळे करायला सुरुवात केली ते साल १९६१, आणि आपल्या देशात हुंडाबंदीचा कायदा झाला तेही साल १९६१. त्यानंतर काय झाले ते आपण सगळे जाणतो. हुंडा हा शब्द मागे पडला आणि घड्याळ, सायकल, रेडिओ ही त्रयी पुढे आली. पुढे सायकलची मोटारसायकल झाली, रेडिओचा टीव्ही झाला आणि घड्याळाचे स्मार्टवॉच. हे सगळ्या जातिधर्मांत झाले, आमच्यातही झाले. खरे तर निकाहाच्या वेळी नवऱ्याने बायकोला मेहेर द्यायचा असतो. देण्याची जबाबदारी मुलाकडे आहे. धर्माने सांगितलेली दिशा एक आणि समाजाने धरलेली दिशा उलटी. याबद्दल मशिदीत, समाजमंदिरात, शाळेत, सगळीकडे बोलले पाहिजे.

पुढे काय झाले, तेही सांगतो. त्या गृहस्थांनी पाच हजारांच्या आतले एक भारतीय कंपनीचे स्मार्टवॉच घेतले आणि उरलेली रक्कम मुलीच्या नावावर पोस्टात ठेवली. मुलगी नर्सिंगचे शिक्षण घेते, तिच्या फीला ती उपयोगी पडेल. निकाह झाला. वरमाईंचा चेहरा त्या दिवशी जरा उतरलेला होता, हे मी पाहिले. सगळे गोड झाले असे मी सांगणार नाही. पण एक एकर जमिनीचे पीक वाचले आणि ते एका मुलीच्या शिक्षणात गेले, एवढे मात्र झाले.

तुम्ही म्हणाल, मग मोठ्या नावाला काही किंमतच नाही का? आहे. पण ती कुठे आहे, हे ओळखता आले पाहिजे. एर्मेसच्या त्या भागीदारीत मला एक गोष्ट शहाणपणाची वाटते. त्यांनी आपले खरे कसब पट्ट्यात ठेवले. पट्टा घड्याळापासून वेगळा होतो. घड्याळ जुने झाले तरी तो चामड्याचा पट्टा, माप जुळत असेल तर, पुढच्या घड्याळाला लावता येतो. घोड्याचा साज करणाऱ्या घराण्याने आपल्याला जे येते तेच केले. यंत्र जाईल, चामडे राहील. आपल्याकडे पोळ्याला बैल सजवतो तेव्हा काय करतो? बैल म्हातारा होतो, बदलतो. पण चांगली झूल आणि घुंगरांची माळ आजोबाकडून नातवाकडे येते.

चामड्याचा विषय निघाला म्हणून आणखी एक ताजे उदाहरण देतो. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये अशा चपला दाखवल्या की महाराष्ट्रातल्या कोणत्याही माणसाने त्या पाहून म्हणावे, अरे, ही तर कोल्हापुरी! पण कोल्हापूरचे नाव त्यात कुठे नव्हते. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी. आपल्याकडे ओरड झाली, महाराष्ट्र चेंबरने कंपनीला पत्र लिहिले आणि त्या चपलांची प्रेरणा भारतातली आहे हे कंपनीने मान्य केले. डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चर्मोद्योग महामंडळांशी प्राडाचा करार झाला. इथल्या कारागिरांकडून २,००० जोड करून घ्यायचे, किंमत जोडीला सुमारे ८०० युरो, आणि कारागिरांना प्रशिक्षणही द्यायचे. त्या ८०० युरोतले कारागिराच्या हातात किती पडतील, हे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागेल. पण या भागीदारीत एक गोष्ट आहे जी स्मार्टवॉचच्या भागीदारीत नाही. तळ झिजला तर कोल्हापुरी चप्पल कोणत्याही गावातला चर्मकार पुन्हा शिवून देऊ शकतो. ती वस्तू माणसाच्या हाताला ओळखते.

म्हणून माझी एक साधी कसोटी आहे. दोन मोठी नावे एकत्र आली की विचारावे, या भागीदारीतून मागे काय राहणार? सिटिझन आणि एचएमटी एकत्र आले, मागे कौशल्य राहिले. चपलांच्या करारातून कारागिराला योग्य दाम आणि नवी विद्या मिळाली तर मागे तेही राहील. पण जिथे फक्त एक नाव दुसऱ्या यंत्रावर चिकटवले जाते, तिथे यंत्र बंद पडले की नावही उतरते.

आणि नावाचेही काय सांगावे? फेवर-ल्यूबा हे घड्याळ आपल्या वाडवडिलांनी पाहिलेले. स्वित्झर्लंडमधले १७३७ सालचे नाव. एकोणिसाव्या शतकात ते मुंबईला आले आणि इथलेच झाले. पुढे ते नाव कितीदा तरी हातांतून हातात गेले. २०११ साली आपल्या टायटनने ते विकत घेतले, नंतर तेही पुढे विकले गेले. म्हणजे नाव हीसुद्धा विकायची वस्तू आहे. मात्र एखाद्या घरातल्या पेटीत ठेवलेले जुने फेवर-ल्यूबा या सगळ्या खरेदी-विक्रीची दखल न घेता चावी दिली की चालू लागते.

श्रोतेहो, मी स्मार्टवॉचचा विरोधक नाही. माझ्या वयाच्या माणसाला त्याचे उपयोग कळतात. हृदयाचे ठोके अनियमित झाले तर काही घड्याळे सूचना देतात, माणूस पडला तर घरच्यांना फोन लावतात. शेतात एकट्याने काम करणाऱ्या वयस्कर माणसाला हे फार मोलाचे आहे. नमाजाच्या वेळा मनगटावर कळतात. पण हे सगळे उपयोग आतल्या यंत्राचे आहेत, वरच्या नावाचे नाहीत. साध्या नावाच्या घड्याळातही ते मिळू शकतात. म्हणून घ्यायचेच असेल तर दुकानदाराला चार प्रश्न विचारा. बॅटरी गेली तर बदलून मिळते का, आणि कुठे? कंपनी किती वर्षे प्रणाली सुधारून देणार? पट्टा नेहमीच्या मापाचा आहे का, की त्याच कंपनीचा घ्यावा लागेल? आणि मोबाइल जवळ नसला तर हे घड्याळ निदान वेळ तरी सांगेल का? या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली की चाळीस हजारांतले यंत्राचे किती आणि नावाचे किती, हे आपोआप समजते. यंत्राचे पैसे यंत्रासारखे द्या, चार वर्षांत संपणार आहेत हे धरून. आणि ज्याला टिकाऊ म्हणून पैसे द्यायचे, ते खरेच टिकणारे असू द्या.

जुन्या काळी लग्नात मुहूर्त मोजायला घटिकापात्र असे. तांब्याची वाटी, तळाला बारीक छिद्र, पाण्यावर तरंगत ठेवलेली. चोवीस मिनिटांत ती भरून बुडे, की एक घटका झाली. त्या वाटीवर कुणाचे नाव नव्हते. ती कासाराने केली, तांबटाने केली, कुणी विचारले नाही. पण ती वाटी बुडेपर्यंत दोन्हीकडची माणसे एकाच पाण्याकडे पाहत बसत. कोण मोठे, कोण लहान, हे त्या घटकेपुरते बाजूला राही.

येत्या लग्नसराईत कुणाच्या घरी घड्याळाचा विषय निघाला तर मुलाकडच्या मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे. तुमचे ते सहज बोललेले वाक्य दुसऱ्याच्या एका एकराचे असू शकते. बोलण्याआधी तेवढा विचार करा. आणि मुलीकडच्या मंडळींना सांगणे एवढेच की, हिशेबाचा कागद लाजेने लपवू नका. तो दोन्ही घरांनी मिळून वाचावा असा असतो.